कड्यापेक्षा लांब दोर

कड्यावरून पडू नये म्हणून मी कमरेला दोर बांधला, आणि तो दोर कड्याच्या उंचीपेक्षा लांब निघाला.

यात दोराचा काही दोष नाही. दोर एक नंबर होता. नेरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि बोअरमध्ये फसलेला पंप आम्ही ज्या दोरानं वर ओढतो तोच हा दोर. आमच्या धंद्यात दोर जेवढा लांब तेवढा मेकॅनिक हुशार. ज्याचा दोर बोअरला पुरत नाही त्याला शेतकरी चहासुद्धा पाजत नाही. त्याच सवयीनं मी माथ्यावरच्या बाभळीला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, बाभूळ हलवून पाहिली, दोरावर स्वतःचं वजन टाकून पाहिलं. लांबी पाहायचं मात्र डोक्यात आलं नाही. मग शेवाळावर पाय घसरला, मी सरळ पैनगंगेच्या डोहात गेलो, तळाच्या गाळात पाय रुतवून आलो, नाकातोंडातून पाणी काढत वर बघतो तर दोराची वेटोळी अजून खडकावर आरामात पडलेली. मी पडलो हे दोराला कळलंसुद्धा नव्हतं.

शेजारी एक मावशी गळ टाकून बसल्या होत्या. वयानं माझ्या सासूबाईंच्या बरोबरीच्या, डोक्यावर पदर, मांडीवर तंबाखूची डबी. त्यांनी आधी स्वतःचा गळ शांतपणे गुंडाळला, मग माझा दोर हातात घेतला आणि बैल पाण्यातून काढावा तसं मला ओढत खडकाच्या एका फटीपाशी नेलं. तिथून वर चढता येतं.

"जवाईबापू," त्या वरून म्हणाल्या, "मासोळ्या गळानं धरतेत. आंगानं नाही."

आता मोटारी बांधणारा नेरचा माणूस तिकडे उमरखेडच्या खाली नदीत काय करत होता, ते सांगायला हवं.

माझी सासुरवाडी पैनगंगेच्या काठची. गावाशी येईपर्यंत नदी काळ्या वावरांच्या कडेनं गरीब गाईसारखी येते. गावाखाली मात्र ती खडकात शिरते आणि तिचा स्वभाव बदलतो. दोन्ही काठ उभे, काळेकुट्ट. जवळ जाऊन पाहिलं तर सगळा कडा खांबांचा. सहा-सहा कोनांचे दगडी खांब एकाला एक चिकटून उभे, कोणी दाटीवाटीनं रचून ठेवल्यासारखे. एकदा कॉलेजची पोरं घेऊन कोणी सर आले होते. त्यांनी गावाला सांगितलं की हा सगळा ज्वालामुखीचा रस आहे, कोणे काळी उकळत होता, थिजता थिजता त्याचे खांब झाले. गावानं ते ऐकून घेतलं आणि सरांना चहा पाजला. या खांबांपैकी काही मध्येच तुटले आहेत, आणि जिथे तीन-चार खांब एका उंचीला तुटले तिथे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा झाली आहे. तिला गावात ओटा म्हणतात. मागे कडा, खाली डोह, बाजूला काही नाही.

हे ओटे कोणाच्या सातबाऱ्यावर नाहीत, पण कोणता ओटा कोणाचा हे गावाला पाठ आहे. पूर ओसरून पाणी लालचं हिरवं झालं की ओटेवाले उतरतात. हंगामातली पहिली मासोळी घरी न्यायची नाही, असा कायदा. कड्याच्या माथ्यावर दगडांची एक चूल मांडलेली आहे. तिथे त्या मासोळीचा रस्सा करायचा आणि सगळ्या ओटेवाल्यांनी मिळून खायचा. ज्यानं तुमच्या मासोळीचा रस्सा खाल्ला, त्यानं तुमचा ओटा त्या सालापुरता मानला. मग त्यावर तो बोलू शकत नाही. आणि गावातला पहिला कापूस वेचून घरात यायच्या आत ज्याचा रस्सा झाला नाही, त्याचा ओटा मोकळा. जो आधी उतरेल त्याचा.

माझ्या सासऱ्यांचा ओटा सगळ्यांत खालचा आणि उतरायला सगळ्यांत वाईट. म्हणजेच मासोळीला सगळ्यांत चांगला. उभा जन्म ते त्या कड्यावर चढले-उतरले, नखाला धक्का लागला नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात घरकुलाच्या नव्या न्हाणीत, गुळगुळीत फरशीवर, अंगाला साबण लावलेला असताना, खुब्याचं हाड मोडून बसले. यवतमाळला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी एक वॉकर दिला आणि सांगितलं, रोज चाला, नाहीतर पाय लाकूड होईल. सासऱ्यांनी त्या वॉकरचं नाव लोखंडी बकरी ठेवलं, तिच्यावर टॉवेल वाळत घातला आणि पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले.

"बाबा, चाला ना थोडं," माझी बायको विनवायची.

"चालून जाऊ कुठी?" ते भिंतीला विचारायचे. "औंदा ओटा तं गेलाच."

गोष्ट एवढीच होती. ओटा राहिला तर त्यांना चालून जायला जागा होती. ओटा गेला तर ती खाट आणि ती भिंत.

साळा पुण्याला कंपनीत आहे. तिथे बापाच्या ओट्यासाठी सुट्टी मिळत नाही. बायको दवाखान्यात नर्स. तिची रजा मंजूर होईपर्यंत मासोळ्यांना नातवंडं झाली असती. उरलो मी. पावसाळा संपत आलेला, रब्बीचं पाणी अजून सुरू व्हायचं, शेतातल्या मोटारी बंद, त्यामुळे दुकानात मी आणि माश्या. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी जातो."

बायकोनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "एकच मासोळी धराची हाये," ती म्हणाली. "एवढं तं होईन ना तुमच्यानं?"

"त्यात काय आहे?"

"अन् दोर बांधल्याशिवाय खाली उतराचं नाही."

म्हणून तो दोर.

पडलो त्या संध्याकाळी तिचा फोन आला. बातमी माझ्याआधी नेरला पोचलेली.

"दोर बांधला नव्हता का?"

"बांधला होता."

"मंग पडले कसे?"

"बांधूनच पडलो."

मग तिनं फोन आपल्या आईला द्यायला सांगितला. सासूबाई पदर तोंडाला लावून "हो, हो" म्हणत होत्या. त्या रडत नव्हत्या, हे त्यांचे खांदे सांगत होते.

सासरे खाटेवर भिंतीकडे तोंड करूनच होते. त्यांनी तसंच विचारलं, "गळ कुठी हाये?"

"डोहात गेला, मामाजी."

"अन् दोर?"

"दोर आहे."

"म्हंजे जे धराचं ते सोडलं, अन् जे सोडाचं ते धरून आले."

तेवढ्यात दारात एक ऑटो थांबला. हा ऑटोवाला तिशीतला, गाव ते उमरखेड फेऱ्या मारणारा, सासऱ्यांना मामा म्हणणारा. दवाखान्याच्या सगळ्या चकरा त्यानंच करवल्या होत्या. सासऱ्यांना उचलून गाडीत ठेवायचा, उचलून खाली उतरवायचा, आणि भाडं म्हटलं की कानाला हात लावायचा. माणूस सोन्यासारखा. फक्त त्याच्या घराण्यात ओटा नव्हता, आणि लहानपणापासून त्याचा जीव सासऱ्यांच्या ओट्यावर होता. हे त्यानं कधी लपवलंही नाही.

"पाय कसा हाये, मामा?" त्यानं विचारलं.

"जसा होता तसाच हाये."

"घाई नाही म्हना. मी सहज आलतो." मग माझ्याकडे वळून, "दादा, लागलं तं नाही ना? बोंडं फुटाले आले आता वावरात. म्हंजे कापसाचे. सहज सांगतो."

तो गेल्यावर सासरे म्हणाले, "पोरगं चांगलं हाये. माह्या पायाची माह्यापेक्षा त्यालेच फिकीर."

दुसऱ्या दिवशी मी उमरखेडला गेलो आणि माझी दुसरी चूक विकत घेतली. एक लांब, चकाकणारी, चक्रीवाली काठी, आणि तिच्यासोबत एक रबरी बेडूक. मोबाइलवर एका गोऱ्या माणसाला मी समुद्रातल्या कड्यावर उभं राहून अशाच काठीनं वासराएवढा मासा ओढताना पाहिलं होतं. त्याच्या कड्यावर लाटा फुटत होत्या, खडक आमच्यासारखाच काळा होता, म्हणून मला वाटलं विद्याही तीच चालेल. काठी सासऱ्यांना दाखवली. त्यांनी मान वळवली. भिंतीकडून पूर्ण इकडे. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांचे दोन्ही डोळे मला एकाच वेळी दिसले.

त्यांनी बेडूक हातात घेतला, दाबून पाहिला, नाकाशी नेला.

"हे काय हाये?"

"बेडूक आहे मामाजी. रबराचा. मासोळी याला भुलते."

"आमच्या डोहातल्या मासोळ्या शाळेत नाही गेल्या," ते म्हणाले, "पन एवढ्या येड्याबी नाहीत."

काठी खरंच निकामी निघाली. त्या ओट्यावर मागे कडा असल्यामुळे काठी मागे नेताच येत नाही. पहिल्याच झटक्यात तिचं टोक खडकावर आपटून मोडलं, आणि बेडूक वरच्या बाभळीत जाऊन लटकला. तिथे एक खंड्या येऊन त्याच्याकडे बराच वेळ बघून गेला. मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा खाट हलली. सासरे हसत होते. भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता, पण खाटेची कुरकुर लपत नाही.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "जवाईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी रोज काई ना काई करून येत जा. आज त्यायनं अर्धी भाकर जास्त खाल्ली."

तर मी रोज काही ना काही करून आलो. त्यासाठी मला वेगळे कष्ट पडले नाहीत. एके दिवशी भर दुपारी ओट्यावर तसाच टेकलो, आणि काळा खडक उन्हात काय होतो ते बसल्या जागी समजलं. त्या रात्री मी पालथा जेवलो. सासरे म्हणाले, "सर सांगून गेलते ना, हा दगड कधी काळी उकयत होता म्हून. आमाले वाटलं थंडा झाला. जवाईबापू पक्कं करून आले." मग त्यांनी सांगितलं की ओलं पोतं न्यायचं असतं, ते खाली अंथरायचं. एके दिवशी खाली उतरताना मी तोंड नदीकडे केलं आणि अर्ध्यात अडकून बसलो. ना वर ना खाली. मावशींनी शेजारून एकेक खाच सांगत उतरवलं. "तोंड कड्याकडे, बूड नदीकडे," सासरे त्यावर म्हणाले. "नदीले त्वांड दाखवाचं नसते. ते बलावते." हे सांगताना ते उठून बसले होते. त्यांनी हातानं खाचा दाखवल्या, हवेत, एकेक, डावा पाय, उजवा हात. त्यांच्या मोडक्या बाजूचा पायही गोधडीखाली हलत होता. ते त्यांना कळलं नसावं. मला कळलं, पण मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यात फार कमी वेळा मी ते वेळेवर बंद ठेवलं आहे.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी माझ्या पोत्यात एक वस्तू ठेवली. बांबूच्या नळीला गुंडाळलेली नायलॉनच्या तंगूसची दोरी, तिच्या टोकाला शिसं आणि काळसर झालेला गळ. सासऱ्यांची.

"त्यायनं दिली," त्या म्हणाल्या. "म्हने, पाडली तं तुमालेबी तिच्यामांगंच पाठवीन."

तोवर वावरं बदलली होती. कपाशीच्या पराटीवर खाली खाली बोंडं फुटून पांढरं दिसायला लागलं होतं. ऑटोवाला रोज येताजाता गाडी हळू करायचा. इतर ओट्यांचे रस्से होऊन गेले होते. मीही त्या चुलीवर बसून सगळ्यांचे खाल्ले होते. एकाच घराचा व्हायचा होता. मावशी म्हणाल्या, "परवा आमच्या गल्लीवाल्यायचा कापसाचा वेचा सुरू होऊन राह्यला. मले काई म्हनाचं नाही. पन वेचा तं वेचा असते."

म्हणजे माझ्या हातात तो दिवस आणि त्याच्या पुढचा.

त्या दिवशी सकाळी ओल्या पोत्यावर बसून मी गांडूळ लावलं, दोरी सोडली आणि बोटावर घेतली. तंगूस बोटावर घेतली की डोहाचा तळ बोटात येतो, असं सासऱ्यांनी सांगितलं होतं. माझ्या बोटात फक्त मुंग्या आल्या. ऊन वर चढलं. मग दोरी अडकली. ओढली तर येईना, सोडली तर सैल होईना. गळ खडकाच्या फटीत फसला होता, हे उघड होतं. मी हळूहळू ओढलं, मग जोरात ओढलं, मग सासऱ्यांचा गळ तुटला तर काय होईल ते आठवून घाम फुटला, आणि मी दोरी हाताला गुंडाळून पंप काढताना ओढतो तसा एकदम पाठीमागे रेललो.

फट सुटली. पाण्यातून काहीतरी लांब, तपकिरी, वळवळणारं वर आलं आणि माझ्या मांडीवर पडलं.

"साप!" मी ओरडलो. "साप! साप!"

मी दोरीसकट ते नदीत भिरकावणार, तोच शेजारून मावशींचा आवाज आला. एवढा मोठा आवाज त्या बाईत असेल असं वाटलं नव्हतं.

"सोडू नोका! ओ बापू! वाम हाये ते, वाम! सोडसान तं पाहून घ्या!"

वाम. फटीत राहणारी, सापासारखी दिसणारी, आणि खाणारे जिच्यासाठी दुसरी मासोळी बाजूला सारतात ती. मी तिला दोन्ही हातांनी धरली. तिच्या पाठीवर काटे असतात हे त्याच वेळी कळलं. रक्त, चिकट, वळवळ, आणि मी तिच्यावर जवळजवळ पालथा पडून तिला पोत्यात घातली. पोत्याचं तोंड आवळलं आणि बसल्या जागी हसत सुटलो. मावशीही हसत होत्या.

आणि ग्रामपंचायतीच्या छतावरचा भोंगा वाजला.

वरच्या धरणाचं पाणी सोडलं की तो वाजतो. कड्यावर याबाबत चर्चा नसते. गळ सोडा, डबा सोडा, चप्पल सोडा, पण वर या. आकाशात ढग नसतानाही पाणी त्या खडकाच्या गल्लीत कसं उभं चढतं, ते ज्यांनी पाहिलं ते सांगत बसत नाहीत. मी बांबूची नळी दातात धरली, पोतं पाठीला बांधलं, तोंड कड्याकडे केलं आणि चढलो. एकदाही घसरलो नाही. हे कोणी पाहिलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. माथ्यावर पोचून मागे पाहिलं तर डोहाचा रंग बदलत होता आणि माझ्या ओट्याखालच्या खाचा एकेक बुडत होत्या.

अशा वेळी शहाणा माणूस दोन पावलं चालून चुलीपाशी बसला असता. माझ्या अंगात मात्र भीती आणि आनंद एकाच वेळी शिरले होते, आणि दोघांनाही पाय होते. मी पळत सुटलो. गल्ली, पंप, शाळेची भिंत, सरळ सासुरवाडीची पडवी.

"मामाजी!" मी पोतं खाटेपुढे टाकलं. "वाम! तुमच्या ओट्याची!"

सासरे झटकन वळले. पोत्याचं तोंड उघडून त्यांनी आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हा माणूस मला मिठी मारतो.

"मस्त हाये," ते म्हणाले. मग थांबले. "रस्सा झाला?"

"नाही. मी म्हटलं, आधी तुम्हाला..."

"पयली मासोळी तुमी घरी आनली?"

मी पोत्याचं तोंड परत आवळायला लागलो.

"अबे गधड्या!" सासरे गरजले. "आख्ख्या गावात एवढाच एक कायदा हाये, अन् तोबी तुह्या ध्यानात राह्यला नाही?"

"अहो! जवाई हायेत ते!" सासूबाई आतून धावत आल्या.

"जवाई हाये म्हूनच जित्ता हाये! आन ते बकरी!"

सासूबाई उभ्याच राहिल्या. त्यांना वाटलं, मटणाचं काही म्हणतात.

"ते लोखंडी बकरी आन म्हंतो ना! वरचा टावेल काढ!"

त्यांनी वॉकर दोन्ही मुठींत धरला. दात आवळले. उठले, परत बसले, परत उठले. सासूबाई हात द्यायला पुढे झाल्या तर त्यांनी मान हलवली. मी पुढे झालो तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी दोन पावलं मागे सरलो. मग बकरी पुढे सरकली, टक्. मागून पाय. टक्. पाय. पडवीची पायरी त्यांनी बाजूनं, कडा उतरावा तशी उतरली.

गल्लीत बायका दारात आल्या. कोणीतरी "जयभीम, भाऊ" म्हणालं, आणि सासरे मान न वळवता "जयभीम" म्हणून पुढे गेले. मागून मी पोतं घेऊन, वरातीतल्या करवल्यासारखा. शाळेच्या भिंतीपाशी ते दम खायला थांबले. तिथेच ऑटो आला.

ऑटोवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "मामा! तुमी चालून राह्यले?"

"नाही, पोहून राह्यलो."

"बसा ना गाडीत. सोडतो."

"नाही बावा. तुह्या गाडीत बसून गेलो तं लोकं म्हंतीन, यानंच आनला." मग त्यांनी घाम पुसला. "तू ये मांगून. तुले रस्सा खाचा हाये."

चुलीपाशी सगळे ओटेवाले जमलेच होते, भोंग्यामुळे. खाली नदी आता गढूळ, मोठी, आवाज करत जात होती. ओटे पाण्याखाली गेले होते. सासरे आले तसं कोणीतरी एक पिंप उलटं करून त्यांना बसायला दिलं. मी पोतं चुलीपुढे ठेवलं. मावशींनी पोत्याकडे पाहिलं, मग मी ज्या दिशेनं आलो होतो त्या रस्त्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी मला घराकडे पळताना पाहिलंच होतं.

ऑटोवाला खाली मान घालून म्हणाला, "मामा, राग नोका मानू. पन मासोळी घरी जाऊन आली ना."

तो बोलला ते खरं होतं. मी कुठे पाहावं ते मला कळेना, म्हणून मी नदीकडे पाहिलं. ती मला बोलावते आहे असं त्या घडीला खरंच वाटलं.

सासरे म्हणाले, "गेलती घरी. मीबी गेलतो. मी तं यवतमाळले जाऊन आलो. आता दोघंबी इथंसा आलो. आमाले दोघायलेबी परत पाठोता का?"

मावशींनी तंबाखूची डबी बंद केली. "पानी ठेवा चुलीवर," त्या म्हणाल्या. "मासोळी पायानं आली का पोत्यात आली, भाऊ तं पायानं आले."

वाम त्यांनीच कापली, राखेनं चोळून. तेल, तिखट, मीठ चुलीजवळच्या डब्यात असतंच. भाकरी सासूबाई घेऊन आल्या, बोलता बोलता त्यांनी दोनदा डोळे पुसले आणि धुराला नाव दिलं. वाम एक आणि तोंडं बरीच, त्यामुळे वाट्याला एकेक तुकडा आणि बाकी लाल पाणी. सगळ्यांनी वाट्या घेतल्या. ऑटोवाल्यानं घेतली नाही.

त्याच्यासमोर वाटी वाफाळत राहिली. तो खाली नदीकडे, बुडालेल्या ओट्याकडे बघत होता. सासऱ्यांनी आपल्या वाटीतला तुकडाही तोडला नाही. थांबले. मी श्वास धरून होतो. हे मला पाण्याखाली जमलं नव्हतं, तिथे जमलं.

मग ऑटोवाल्यानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात टाकला. चावला. "तिखट झालं," तो म्हणाला, आणि नाक ओढत दुसरा घास घेतला.

सासरेही खायला लागले. बराच वेळ नुसता भुरक्यांचा आवाज आणि खाली नदीचा. ओटा राहिला होता. मी मनातल्या मनात नेरला फोन लावून बायकोला सगळं सांगत होतो, थोडं वाढवून.

"पुढच्या साली मी सोता बसतो," सासरे वाटी पुसत म्हणाले.

"उतराले जमन का, मामा?" ऑटोवाल्यानं विचारलं. आता त्याच्या विचारण्यात नुसतं विचारणंच होतं.

"कोनी हात देल्ला तं जमन. वरच्या चार खाचायलेच लागन हात. मंग खाली जागा हाये, दोघं बसले तं बसता येते. येशीन का तू?"

ऑटोवाल्याचा घास हातातच राहिला. त्यानं मान हलवली, जोरात, दोनदा.

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी बोलतो, हा माझा जुना रोग आहे. मी वाटी खाली ठेवली, पुढे सरकलो आणि म्हणालो, "मामाजी, दुसऱ्या कोणाला कशाला? मी आहे ना. मी येईन नेरहून. मी देईन तुम्हाला हात."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश.

"तुमी नोका देऊ, जवाईबापू," ते म्हणाले. "मले अजून जित्तं राहाचं हाये."